चार हजार रुपये, दिवाळीच्या भेटी आणि तुळशीबाग

ज्या घरात बोनसची रक्कम हातात येण्यापूर्वीच मुलांच्या फीकडे आणि सोसायटीच्या थकलेल्या वर्गणीकडे वळलेली असते, आणि तरीही पाडवा-भाऊबीज मिळून आठ-दहा जणांच्या हातात काहीतरी ठेवायचे असते, त्या घरातील माणसाने दिवाळीच्या खरेदीसाठी पुण्याच्या तुळशीबागेत यावे का, एवढ्याच प्रश्नापुरते हे परीक्षण मर्यादित आहे. तुळशीबागेत मिळत नाही अशी वस्तू नाही, हे वाक्य पुण्यात इतक्या वेळा ऐकायला मिळते की त्याचा ग्राहकाला काहीच उपयोग होत नाही. प्रश्न काय मिळते हा नसून, चार हजार रुपयांत कोणासाठी काय घ्यावे आणि कशाकडे पाठ फिरवावी हा आहे. माझे उत्तर 'अवश्य यावे' असे आहे, परंतु येताना हातात वस्तूंची यादी नको, माणसांची यादी हवी. वस्तूंची यादी घेऊन येणारा येथे हमखास जास्त खर्च करतो, कारण प्रत्येक वस्तूची चार रूपे समोर मांडलेली असतात आणि त्यांतले सर्वांत चकचकीत रूप सर्वांत पुढे असते.

ज्यांना हा भाग परिचित नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. लक्ष्मी रस्ता आणि महात्मा फुले मंडई यांच्यामध्ये, सरसुभेदार नारो आप्पाजी खिरे म्हणजेच तुळशीबागवाले यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारलेल्या राममंदिराच्या आवारात आणि भोवतालच्या बोळांत ही बाजारपेठ पसरली आहे. मंडईची अष्टकोनी दगडी इमारत 1886 मध्ये रे मार्केट या नावाने सुरू झाली, आणि आजही भाजी घेऊन बाहेर पडलेली गृहिणी दोन मिनिटांत भांड्यांच्या दुकानात पोहोचते. या शेजारामुळे तुळशीबागेचा स्वभाव घडला आहे. हा प्रदर्शनाचा नव्हे, संसाराचा बाजार आहे; स्वयंपाकघर, देवघर आणि मुलींचा साजशृंगार ही त्याची तीन मुख्य अंगे आहेत, आणि भेटवस्तूही याच तीन ठिकाणांहून निवडाव्यात, असे माझे मत आहे.

याच्या बाहेर गेले की पैसे वाया जातात, आणि त्याचे ठळक उदाहरण म्हणजे 'गिफ्ट सेट'. लाल किंवा निळ्या मखमली पेटीत दोन वाट्या, दोन चमचे आणि मधोमध एक लहानसा ट्रे, असा चांदीचा मुलामा दिलेला संच दिवाळीच्या आधी जवळजवळ प्रत्येक दुकानाच्या दर्शनी भागात रचलेला दिसतो. साडेतीनशेपासून सहाशेपर्यंत किंमत सांगितली जाते आणि पेटी उघडताच दिपून जावे असा तिचा थाट असतो. या वाट्यांतून कोणी श्रीखंड खाल्ल्याचे मी पाहिलेले नाही. वर्षभरात मुलामा काळवंडतो, घासला तर आतला धातू डोकावू लागतो, आणि म्हणून बहुतेक घरांत ती पेटी न उघडताच पुढच्या लग्नासाठी किंवा वास्तुशांतीसाठी राखून ठेवली जाते. आमच्या नात्यात अशी एक निळी पेटी गेली काही वर्षे इतक्या घरांतून फिरली आहे, की तिचा मूळ दाता कोण हे आता कोणालाच खात्रीने सांगता येणार नाही. जी वस्तू घेणाऱ्याच्या घरी कामाला येणार नाही हे आपल्याला विकत घेतानाच ठाऊक असते, तिच्यावर चारपैकी अर्धा हजार खर्च करण्याचे काही कारण नाही.

याउलट धातूच्या भांड्यांची दुकाने हे या बाजाराचे खरे बळ आहे, आणि माझा सर्वाधिक वेळ आणि जवळपास निम्मा पैसा तेथेच गेला. तांब्या-पितळेची वस्तू बहुतांशी वजनावर विकली जाते. भाव किलोचा असतो, भांडे काट्यावर चढते आणि किंमत ठरते. त्यामुळे घासाघीस करणाऱ्यांची येथे निराशा होते. 'ताई, हे वजनावर आहे, यात कमी-जास्त होत नाही,' हे वाक्य नम्रपणे पण ठामपणे ऐकवले जाते आणि ते रास्तही आहे. ग्राहकाने लक्ष द्यायचे ते दुसरीकडे. भांडे ठेवण्यापूर्वी काटा शून्यावर आहे का, ते पाहावे. लोखंडी कडी किंवा लाकडी मूठ असलेले भांडे असेल, तर त्या कडीचे आणि मुठीचे वजनही पितळेच्या भावाने धरले जात आहे का, ते विचारावे. विचारले की बहुतेक दुकानदार हसून थोडी सूट देतात. लहान लोहचुंबक बरोबर ठेवणे हा सर्वांत उपयोगी उपाय आहे. पितळ आणि तांबे चुंबकाला चिकटत नाहीत. समई किंवा घंटा चिकटली तर आत लोखंड असून वरून केवळ मुलामा दिलेला आहे, हे तत्काळ कळते. पर्समधून चुंबक काढला की काही दुकानदारांच्या कपाळावर आठी उमटते, पण चांगल्या दुकानात तो स्वतःच पुढे करतात.

देवघराच्या वस्तूंमध्ये आणखी एक बारकावा आहे. अलीकडे पितळेची चमक टिकावी म्हणून वस्तूंवर पारदर्शक लेपाचा थर देतात. शोभेच्या वस्तूसाठी तो ठीक आहे, परंतु निरांजन किंवा समई ही ज्योतीची जागा असल्यामुळे उष्णतेने तो थर ठिकठिकाणी जळतो, डाग पडतात आणि चिंच किंवा पितांबरी लावूनही ते सहज जात नाहीत. म्हणून निरांजन घेताना थोडे मंद, लेप न दिलेले निवडावे. दुकानात ते शेजारच्या चकाकत्या निरांजनापुढे फिके दिसते, पण पहिल्या आरतीनंतर दोघांमधला फरक उलटतो. आईसाठी मी पितळी पंचपाळे घेतले. तिच्या जुन्या पंचपाळ्याची एक वाटी निसटली होती आणि गेली दोन वर्षे ती हळद एका प्लास्टिकच्या डबीत ठेवत होती. चारशे रुपयांच्या आत हे काम झाले. पंचपाळे घेताना प्रत्येक वाटीचा जोड बोटाने हलवून पाहावा. डाग देऊन जोडलेली वाटी किंचितही हलत असेल तर ती पुढच्या गणपतीपर्यंत सुटणार, हे नक्की समजावे.

सासूबाईंसाठी तांब्याचे तांब्या-भांडे घेतले, ते सातशे रुपयांपर्यंत गेले आणि यादीतील सर्वांत महाग वस्तू ठरले. रात्री पाणी भरून ठेवण्याची त्यांची जुनी सवय आहे आणि त्यांचे भांडे चेपून तळाशी झिरपू लागले होते. येथे दोन प्रकार मिळतात: यंत्रावर दाबून केलेले गुळगुळीत आणि हातोडीने ठोकून केलेले, ज्यावर मठारकामाचे बारीक ठसे उमटलेले असतात. हाताने ठोकलेले भांडे अधिक मजबूत आणि अधिक देखणे असते, पण ते हवे असेल तर तुळशीबागेऐवजी कसबा पेठेतील तांबट आळीत जावे. तेथे कारागिरांचेच काम समोर दिसते आणि निवडही मोठी असते. माझ्या रकमेत मठारकाम बसत नव्हते, म्हणून गुळगुळीतावर समाधान मानले. मात्र पत्रा अगदीच पातळ नाही ना, हे काठ बोटांत धरून दाबून पाहावे. तांब्याच्या भांड्यात ताक, लिंबूपाणी असे आंबट काही ठेवू नये, ही गोष्ट घेणाऱ्याला ठाऊक नसेल तर भेट देतानाच सांगावी. पितळी पातेले दिले तर त्याला आतून कल्हई आहे का, हे पाहिल्याशिवाय देऊच नये.

भावाच्या घरी वहिनीला घावन-आंबोळ्यांची हौस आहे, म्हणून तिच्यासाठी बिडाचा तवा निवडला. पाचशे रुपयांच्या आसपास मिळणारा हा तवा दिसायला काळा, ओबडधोबड आणि भेट म्हणून अगदीच अनाकर्षक आहे. दुकानदाराने दुसरा, मुठीला लाल रंग दिलेला नॉनस्टिक तवा सुचवलाही. परंतु नॉनस्टिकचा थर दोन-तीन वर्षांत खरवडला जातो, आणि बिडाचा तवा नीट तेल पाजून वापरला तर तो पुढच्या पिढीच्या भांडणाचा विषय होतो. घेताना तो सपाट पृष्ठभागावर ठेवून डगमगत नाही ना आणि बोटाच्या पेराने टकटक केल्यावर आवाज खणखणीत येतो ना, एवढे पाहावे. आवाज बद्द आला तर तडा असण्याची शक्यता असते. काही घरांत लोखंडाची वस्तू भेट देणे किंवा शनिवारी घेणे निषिद्ध मानतात. आपल्याला ते पटो वा न पटो, ज्या घरी द्यायचे त्या घरचे मत आधी काढून घेणे शहाणपणाचे असते.

आता ज्या सोयीमुळे मी ही बाजारपेठ इतर पर्यायांच्या वर ठेवते, तिच्याकडे वळते. भांड्यांवर नाव घालून देण्याची पद्धत येथे अजून जिवंत आहे. भांडे खरेदी केले की दुकानातलाच एक माणूस, किंवा बाहेर लहानशा टेबलावर बसलेला कारागीर, थरथरत्या सुईचे विजेचे यंत्र हातात धरून भांड्यावर अक्षरे कोरतो. काही ठिकाणी हे काम खरेदीवर मोफत होते, काही ठिकाणी प्रत्येक नावाचे पाच-दहा रुपये घेतात. आपण कागदाच्या चिटोऱ्यावर मजकूर लिहून द्यायचा. तो एकदा वाचतो, भांडे मांडीवर आडवे धरतो, आणि माशीच्या गुणगुणीसारखा आवाज करीत सुई काठाखालून फिरू लागते. आधी ठिपके दिसतात, मग ठिपक्यांची रेघ होते, आणि मिनिटभरात 'सौ. आईस, भाऊबीज 2025' एवढा मजकूर उमटतो. त्यावर तो अंगठ्याने एकदा पुसतो आणि उजेडाकडे धरून दाखवतो. आपल्या आज्यांच्या भांड्यांवर अशाच अक्षरांत माहेरची आणि सासरची नावे, तिथी आणि लग्नाचे साल कोरलेले असते. भांडे बदलून जाऊ नये हा त्यामागचा व्यावहारिक हेतू होता. परंतु आज दुकानातून आणलेली सातशे रुपयांची वस्तू आणि विशिष्ट माणसासाठीच घेतलेली सातशे रुपयांची वस्तू यांत जो फरक पडतो, तो या दहा रुपयांनी पडतो. लक्ष्मी रस्त्यावरील वातानुकूलित दुकानात ही सोय क्वचितच आढळते, आणि मोबाइलवरून मागवलेल्या 'वैयक्तिक' भेटवस्तूंमध्ये तिची किंमत कित्येक पटींनी लावली जाते.

यात काळजी घ्यायची ती ऱ्हस्व-दीर्घाची. धातूवर कोरलेली चूक खोडता येत नाही आणि गर्दीच्या वेळी कारागीर घाईत असतो. म्हणून मजकूर ठळक, सुट्या अक्षरांत लिहून द्यावा आणि सुई लावण्यापूर्वी त्याच्याकडून तो मोठ्याने वाचून घ्यावा. आमच्यासमोरच एका कुटुंबाच्या भल्या मोठ्या पातेल्यावर आडनावातला अनुस्वार राहून गेला आणि दुकानदाराने, तक्रार होण्याआधीच, तो नंतर टिंब देऊन बसवून दिला. टिंबाची चूक सावरता येते. वेलांटीची येत नाही.

फराळाच्या भेटीसाठी स्टीलच्या डब्यांचा पर्याय मला सर्वांत किफायतशीर वाटला. नणंदेकडे, शेजारी आणि दोन मैत्रिणींकडे चिवडा-चकली तर पाठवायचीच असते. ती पुठ्ठ्याच्या नक्षीदार खोक्यात पाठवली तर खोक्याचेच पन्नास-साठ रुपये पडतात आणि तेलाने ते दोन दिवसांत डागाळते. त्याऐवजी साधारण दीडशे-एकशेसाठ रुपयांचा लहान कडीचा डबा घेऊन त्यात फराळ भरला, तर चिवडा संपल्यावरही डबा प्रवासात, ऑफिसात, पोराच्या शाळेत उपयोगी पडतो. शिवाय आपल्याकडे रिकामा डबा परत पाठवत नाहीत, त्यामुळे हा डबा 'परत करू नका' असे स्पष्ट सांगूनच द्यावा, नाहीतर समोरच्यावर त्यात काय भरावे याचे ओझे पडते. डबा घेताना झाकण उलटसुलट फिरवून बसवून पाहावे. कडीचा डबा एकाच बाजूने नीट बसत असेल तर तो रोजच्या वापरात वैताग देतो.

याच संदर्भात सुक्या मेव्याच्या सजवलेल्या पेट्यांविषयी इशारा द्यावासा वाटतो. पेटीचा आकार आणि आतला मेवा यांचा परस्परसंबंध फार सैल असतो. खाली जाड तळ, मध्ये उंच कप्पे आणि वर पारदर्शक कागद. बंद पाकिटावर निव्वळ वजन आणि कमाल किरकोळ किंमत छापणे 2011 च्या वेष्टित वस्तूंविषयीच्या नियमांनुसार बंधनकारक आहे, तेव्हा पेटी उलटी करून ते वजन शोधावे आणि सुट्या काजू-बदामाच्या भावाशी मनातल्या मनात ताडून पाहावे. मी पाहिलेल्या एका पेटीत जेमतेम चारशे ग्रॅम मेवा होता आणि किंमत सुट्या भावाच्या दुपटीच्या जवळ होती. तेवढ्याच पैशांत सुटा मेवा आणि कडीचा डबा दोन्ही येतात.

मुलींच्या आणि तरुण स्त्रियांच्या भेटींसाठी दागिन्यांच्या गल्ल्या प्रसिद्धच आहेत, त्यामुळे त्यांवर फार लिहीत नाही. ठुशी, तन्मणी, चिंचपेटी, बुगडी, मोत्यांची नथ हे पारंपरिक प्रकार शंभरपासून तीनशेपर्यंत उत्तम मिळतात. येथे मात्र भाव करावाच लागतो. फेरीवाल्याकडे सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून सुरुवात करण्यास हरकत नाही, आतल्या पक्क्या दुकानांत एवढे अंतर नसते. ठुशीचा गोंडा आणि मागची दोरी पाहावी, कारण मण्यांच्या आधी दोरीच विरते. भाचीसाठी अडीचशेला ठुशी आणि शंभरात कानातल्यांचे दोन जोड घेतले. नथीच्या बाबतीत टोचलेल्या नाकाची आणि न टोचलेल्या नाकाची नथ वेगळी असते, हे विचारून घ्यावे. कारण पाडव्याच्या दिवशी ते लक्षात आले तर उपयोग नसतो.

लहान मुलांच्या भेटी हा या खरेदीतला सर्वांत आनंदाचा भाग होता. धाकट्या पुतणीसाठी स्टीलची भातुकली साडेतीनशेला मिळाली. त्यात लहान गॅस, कुकर, कढई, झारा आणि एवढेसे पोळपाट-लाटणे होते. प्लास्टिकचा संच निम्म्या किमतीत मिळतो, पण त्यातील शेगडीचे पाय दोन दिवसांत मोडतात. पितळी भातुकली अतिशय सुरेख असते आणि तिची किंमतही तशीच असते. ती मुलांसाठी कमी आणि काचेच्या कपाटासाठी जास्त घेतली जाते. भाच्यासाठी किल्ल्यावर मांडायचे मातीचे मावळे, एक सिंहासनाधिष्ठित महाराज आणि दोन तोफा असे अडीचशे रुपयांत जमवले. ही चित्रे मंडईच्या परिसरात दिवाळीच्या आधीपासूनच पथाऱ्यांवर मांडलेली असतात. हातात घेतल्यावर जड आणि तळाशी खडबडीत लागते ती मातीची, आणि हलकी, पांढुरक्या तळाची असते ती प्लास्टरची. चेहऱ्यांचे रंगकाम प्रत्येक मावळ्याचे वेगळे असते, त्यामुळे एक-एक निवडून घ्यावे. एका मावळ्याच्या मिशा थेट कानापर्यंत गेल्या होत्या आणि भाच्याने नेमके त्यालाच किल्लेदार नेमले.

या भेटीत वेळेचे महत्त्व रकमेपेक्षा अधिक आहे. किल्ल्याची चित्रे भाऊबीजेला दिली तर तोवर किल्ला बांधून, त्यावर मोहरी-हळीव उगवून आणि अर्धा ढासळूनही झालेला असतो. ती वसुबारसेच्या आधी, पेरण्यासाठी हळिवाच्या एका पुडीसह पोहोचवली, तर वीस रुपयांच्या पुडीनेही पोरे आठवडाभर रमतात. हीच गोष्ट चकलीच्या सोऱ्याला, करंजीच्या कातणाला, आकाशकंदिलाला आणि उटण्याला लागू पडते. दिवाळीत वापरायची वस्तू दिवाळी सरताना हाती पडली, तर ती वर्षभर माळ्यावर जाते. आमच्याकडे पाडव्याला नवरा-बायकोंनी परस्परांना वेगवेगळे काही देण्याऐवजी आम्ही दोघांनी मिळून सोऱ्या घेण्याचे ठरवले होते, परंतु पितळी सोऱ्याचा भाव ऐकून तो बेत पुढच्या वर्षावर ढकलला. ॲल्युमिनियमचा स्वस्त मिळतो. त्याच्या दांड्याचे आटे लवकर झिजतात, म्हणून तो घेतला नाही.

वडिलांसाठी तुळशीबागेत काही सापडले नाही, हे नोंदवले पाहिजे. सेवानिवृत्त पुरुषाला देण्याजोगे या बाजारात फारच थोडे आहे. पानाचा डबा किंवा अडकित्ता हे पर्याय त्यांच्या डॉक्टरांना मान्य होण्यासारखे नव्हते. अखेर पाच-सात मिनिटे चालत अप्पा बळवंत चौकात जाऊन चारशे रुपयांचा एक जाडजूड दिवाळी अंक घेतला. अंक घेताना दोन भावांनी आणि एका बहिणीने वेगवेगळे घेऊन वडिलांना द्यायचे ठरवले, तर त्यांना तीन महिन्यांचे वाचन मिळते आणि नंतर तेच अंक घरोघर फिरतात. तेवढा समन्वय मात्र फोनवर आधीच करावा लागतो, नाहीतर एकाच अंकाच्या तीन प्रती जमतात.

घरकामाच्या मावशी आणि इमारतीचे पहारेकरी यांना द्यायच्या भेटीबाबत माझे मत थोडे कडक आहे. अनेक ग्राहक त्यांच्यासाठी येथून एकगठ्ठा स्वस्त स्टीलच्या वाट्या किंवा ब्लाउजपीस घेताना दिसतात. बोनस हा पैशांतच द्यावा, पूर्ण द्यावा आणि धनत्रयोदशीपूर्वी द्यावा, म्हणजे त्यांनाही आपल्या घरची खरेदी वेळेवर करता येते. वस्तू द्यायचीच असेल तर ती बोनसव्यतिरिक्त असावी. म्हणून या चार हजारांत त्यांची रक्कम मी धरलेली नाही. ती महिन्याच्या खर्चातून स्वतंत्र काढली होती.

पोहोचण्याच्या दृष्टीने परिस्थिती पूर्वीपेक्षा बरीच सुधारली आहे. 29 सप्टेंबर 2024 रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाल्यापासून मंडई स्थानकावर उतरून चालत बाजारात शिरता येते, आणि वाहनतळ शोधण्यात जाणारा वेळ व पेट्रोल दोन्ही वाचतात. दिवाळीच्या आधीच्या रविवारी मात्र कोणत्याही वाहनाने आले तरी परिणाम एकच: बोळात माणूस स्वतःच्या इच्छेने पुढे सरकत नाही, गर्दी त्याला सरकवते. मी आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुकाने उघडल्यावर थोड्याच वेळात गेले. तेव्हा दुकानदार बोलायच्या मनःस्थितीत असतो, काट्यावरचा आकडा दिसतो आणि नाव घालणाऱ्याकडे रांग नसते. दुपारनंतर हे तिन्ही अशक्य होते. ज्येष्ठ नागरिकांना आणि तान्ह्या मुलांना घेऊन येऊ नये. बसण्यासाठी राममंदिराच्या आवाराव्यतिरिक्त जागा नाही, आणि स्वच्छतागृहाचा प्रश्न, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, एवढ्या जुन्या आणि स्त्रियांच्याच खरेदीवर चालणाऱ्या बाजारपेठेला शोभणारा नाही. पर्स पोटाशी धरावी, हे सांगण्याची गरज नसावी.

दुकानदारांच्या वागणुकीत मोठी विविधता आहे. भांड्यांच्या एका जुन्या दुकानात काकांनी, मी विचारले नसतानाही, पंचपाळ्याच्या दोन वाट्या बदलून अधिक घट्ट बसणाऱ्या लावून दिल्या. दुसऱ्या एका दुकानात डब्याला पोचा असल्याचे दाखवल्यावर 'एवढ्या पैशांत असेच मिळणार' असे उत्तर मिळाले आणि मी डबे शेजारून घेतले. पैसे मोबाइलवरून सर्वत्र घेतात. मात्र गर्दीच्या वेळी नेटवर्क रेंगाळते, म्हणून थोडी रोकड असावी. वजनावर घेतलेल्या वस्तूचे बिल मागून घ्यावे आणि त्यावर वजन व भाव दोन्ही लिहिलेले असावेत, असा आग्रह धरावा. कच्च्या चिठ्ठीवर केवळ बेरीज असते आणि तिचा पुढे काही उपयोग होत नाही.

हिशेब द्यायचा तर भांडी, तवा, भातुकली, मावळे, चार डबे, दागिने, अंक, नाव घालण्याचे पैसे आणि साधा खाकी कागद-सुतळी धरून एकूण खर्च तीन हजार साडेसातशेच्या आसपास झाला. वेष्टनासाठी चकचकीत कागद आणि फिती तुळशीबागेत महाग पडतात. त्या हव्याच असतील तर रविवार पेठेतील बोहरी आळीत घाऊक भावाने घ्याव्यात, पण त्यासाठी निदान डझनभर भेटी असाव्या लागतात. उरलेल्या अडीचशे रुपयांची पाकिटे झाली, कारण भाऊबीजेला ऐनवेळी एखादा मानलेला भाऊ किंवा दूरची भाची उगवतेच.

ज्यांच्याकडे वेळ कमी आणि पैसा पुरेसा आहे, ज्यांना वीस जणांना एकसारखी वस्तू द्यायची आहे, किंवा ज्यांना गर्दीचा खरोखर त्रास होतो, त्यांनी येथे येऊ नये. त्यांना घाऊक दुकाने किंवा घरपोच सेवा अधिक सोयीची आहे. ज्यांना भेट गावी एसटीने न्यायची आहे त्यांनी काचेच्या आणि चिनी मातीच्या वस्तू टाळून धातूच्याच घ्याव्यात. मार्च 2023 पासून महिलांना एसटीच्या तिकिटात निम्मी सवलत आहे, त्यामुळे भाऊबीजेच्या गाड्यांत उभे राहायलाही जागा नसते आणि पिशवी मांडीवर नव्हे, पायाशीच ठेवावी लागते. अदलाबदलीचे म्हणाल, तर नाव घातलेली वस्तू कोणीही परत घेत नाही आणि दागिन्यांचीही परतफेड होत नाही. बाकी भांडी बिल दाखवल्यास बदलून मिळतात. बदलून घ्यायचे असेल तर लक्ष्मीपूजनाच्या आत जावे. त्यानंतर दुकाने उघडी असतात, पण आपल्याला हव्या त्या मापाचा डबा शिल्लक नसतो.